अमेरिकेंतील ग्रामीण संगीताच्या आद्य ध्वनिमुद्रिका : कालनिर्णय, पाठपरंपरा व साधनमूल्य

१

ग्रामोफोनची तबकडी हें इतिहासाचें साधन आहे असें म्हटल्यास जुन्या कागदांचा व्यासंग करणाऱ्यांस प्रथमदर्शनीं हसूं येण्याचा संभव आहे. रुमालांत बांधलेलें दप्तर, ताम्रपट, मोडी बाड यांच्या पंक्तीस लाखेची काळी तबकडी बसविणें पुष्कळांस अनुचित वाटेल. परंतु साधनाची योग्यता त्याच्या वयावर अवलंबून नसते. तें कोणीं, केव्हां, कोठें व कोणत्या हेतूनें निर्माण केलें याचा छडा कितपत लागतो, यावर ती ठरते. या कसोटीस तबकडी चांगली उतरते. आपल्याकडील कित्येक पत्रांवर नुसता चंद्र व वार असतो आणि साल तर्कानें बसवावें लागतें. उलट तबकडीच्या अंगावर एक क्रमांक कोरलेला असतो व तो क्रमांक कंपनीच्या खातेवहींत शोधला म्हणजे दिवस व गांव दोन्हीही सांपडतात. मात्र हेंही खरें कीं, तबकडीवर चिकटविलेला कागद अनेकदां खोटें बोलतो. कागद व कोरीव क्रमांक यांची साक्ष ताडून कशी पाहावी, हें दाखविण्यास अमेरिकेंतील ग्रामीण संगीताच्या मुद्रणाचा आरंभकाळ फार सोयीचा आहे. म्हणून तो आम्ही येथें विचारास घेत आहों.

ज्यास आज ‘कंट्री’ संगीत म्हणतात तें संयुक्त संस्थानांच्या दक्षिण भागांतील खेड्यापाड्यांचें संगीत होय. इंग्लंड, स्कॉटलंड व आयर्लंड येथून आलेल्या वसाहतवाल्यांचे पवाडे व नाचाच्या चाली, आफ्रिकेंतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांचें बँजो हें वाद्य व त्यांची लयीची समज, ख्रिस्ती भजनें, आणि शहरांतील रंगभूमीवरून छापून निघालेलीं पदें अशा अनेक प्रवाहांचा त्यांत संगम आहे. मुख्य वाद्य फिड्ल. म्हणजे व्हायोलिनच, पण खेडवळ धाटणीनें वाजविलेलें. हें संगीत १९२२ पूर्वीं मुखपरंपरेनें चालत होतें. तें तबकडीवर कसें आलें व येतांना त्याचें काय झालें, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

२

प्रथम तबकडी कशी तयार होत असे तें थोडक्यांत सांगणें अवश्य आहे. १९२५ पूर्वीं गाणारा एका मोठ्या कर्ण्यासमोर उभा राही. त्याच्या आवाजानें कर्ण्याच्या टोकाशीं असलेला पातळ पडदा कांपे, व त्यास जोडलेली सुई फिरत्या मेणाच्या जाड चकतीवर नागमोडी रेघ कोरी. या मेणावर विजेच्या साहाय्यानें तांब्याचा थर चढवून धातूची उलटी प्रत काढीत. तिच्यावरून सुलटी, व सुलटीवरून पुनः उलटे ठसे बनवून त्यांनीं लाखेच्या तबकड्या छापीत. म्हणजे मेण ही मूळ प्रत, धातूचे ठसे ही तिची नक्कल व बाजारांतील तबकडी ही नकलेची नक्कल. ही वंशावळ ध्यानांत ठेविली म्हणजे पुढील विवेचन सुगम होईल.

मेणाच्या प्रत्येक चकतीस कंपनी एक अनुक्रमांक देई. एकच गाणें दोनतीनदां म्हणविलें तर त्याच क्रमांकापुढें १, २, ३ असे अंक घालीत. विक्रीचा क्रमांक मात्र निराळा असे. तो कागदी चिठ्ठीवर छापलेला असून त्याचा मुद्रणाच्या दिवसाशीं कांहीं संबंध नसे. नवशिके संग्राहक विक्रीच्या क्रमांकावरून काल ठरवूं पाहतात व फसतात. ग्रंथ केव्हां रचला याचा निर्णय तो छापला गेल्याच्या सालावरून करण्यासारखीच ही चूक आहे.

दहा इंची तबकडीवर सुमारें तीन मिनिटांचें गाणें मावत असे. ज्या पवाड्यास गांवांत पाव तास लागे त्याचीं कडवीं गाळून तो तीन मिनिटांत बसवावा लागे. म्हणून तबकडीवरील पाठ हा पूर्ण पाठ आहे असें समजून चालतां येत नाहीं. गाळलेल्या कडव्यांचा जाब गायकाकडे न मागतां यंत्राकडे मागावा लागतो.

३

‘पहिली तबकडी कोणाची?’ हा प्रश्न या विषयांत नेहमी निघतो. त्याचें एकच उत्तर देतां येत नाहीं, व तें कां देतां येत नाहीं हेंच मुख्यतः समजून घेण्याजोगें आहे.

१९२२ च्या जून महिन्यांत टेक्सासचा एक फिड्लवादक, अलेक्झांडर ऊर्फ एक् रॉबर्टसन, आणि यादवी युद्धांत दक्षिणेच्या बाजूनें लढलेला वृद्ध हेन्री गिलिलँड हे दोघे व्हर्जिनियांतील रिचमंड शहरीं जुन्या सैनिकांच्या मेळाव्यास गेले होते. तेथून ते न्यूयॉर्कला गेले व व्हिक्टर कंपनीच्या दारांत जाऊन आमचें वादन घ्या म्हणून उभे राहिले. रॉबर्टसन घोडेस्वार गवळ्याच्या वेषांत व गिलिलँड जुन्या सैनिकी पोषाखांत होता, अशी कथा पुढें प्रसिद्ध झाली. ती ऐकण्यास गोड आहे. पण आमचा भर खातेवहीवर आहे. ३० जून रोजीं दोघांनीं मिळून वाजविलें व १ जुलै रोजीं रॉबर्टसननें एकट्यानें. दोन दिवसांच्या कामांतून ‘अर्कन्सॉ ट्रॅव्हलर’ व ‘सॅली गुडन’ हीं वादनें १८९५६ या विक्रीक्रमांकाच्या तबकडीच्या दोन बाजूंस आलीं. पहिलीत दोघे आहेत, दुसरीत एकटा रॉबर्टसन. म्हणजे एकाच तबकडीच्या दोन बाजू दोन निराळ्या दिवसांच्या आहेत. आणि ही गोष्ट चिठ्ठी सांगत नाहीं.

या तबकडीनें बाजारांत मोठी खळबळ उडाली नाहीं, व कंपनीनेंही तिच्यामागें असा माल आणखी मिळविण्याची घाई केली नाहीं. खरी चालना पुढील वर्षीं जॉर्जियांतील अटलांटा शहरीं मिळाली. तेथील फर्निचरचा व तबकड्यांचा व्यापारी पोक ब्रॉकमन यानें ओके कंपनीच्या राल्फ पीअर यास गळ घालून मुद्रणाचें साहित्य अटलांटास आणविलें. १९२३ च्या जूनच्या मध्यास नॅसॉ रस्त्यावरील एका रिकाम्या इमारतींत ‘फिड्लिन’ जॉन कार्सन या गिरणीकामगारानें फिड्ल वाजवीत दोन गाणीं म्हटलीं. त्याचा गळा शहरी कानास कर्कश वाटण्याजोगा होता व पीअरला तें गाणें मुळींच आवडलें नाहीं. तरी ब्रॉकमनच्या आग्रहास्तव त्यानें पांचशें तबकड्या छापून दिल्या. त्यांवर विक्रीचा क्रमांकही घातला नाहीं, कारण हा माल अटलांटापलीकडे खपेल अशी त्याची कल्पनाच नव्हती. त्या हातोहात संपल्या. मग कंपनीनें ४८९० हा क्रमांक देऊन ती तबकडी सर्वत्र विकावयास काढली. क्रमांकरहित छाप ही कंपनीच्या अविश्वासाची लेखी खूण आहे. जिच्याजवळ ती असेल त्या संग्रहांत एक उत्तम ऐतिहासिक पुरावा आहे असें समजावें.

याच तबकडीवरून दुसरा एक बोध घेण्याजोगा आहे. कार्सननें गायिलेलें ‘लिटल ओल्ड लॉग कॅबिन इन द लेन’ हें गाणें रानावनांत आपोआप उगवलेलें नव्हे. तें विल हेज या ज्ञात कवीनें १८७१ सालीं रचून छापलेलें रंगभूमीचें पद आहे. अर्ध्या शतकांत तें छापील कागदावरून लोकांच्या तोंडीं गेलें, त्याचा कर्ता विसरला गेला, व तबकडीवर येतांना तें ‘जुनें लोकगीत’ झालें. ग्रामीण म्हणजे अलिखित असें गृहीत धरणाऱ्यांस हें उदाहरण सावध करील.

तिसरा दावेदार व्हर्जिनियांतील फ्राईज गांवचा गिरणीकामगार हेन्री व्हिटर हा होय. आपण १९२३ च्या मार्चमध्येंच न्यूयॉर्कास जाऊन ओके कंपनीपुढें गायिलों, पण कंपनीनें तें मुद्रण बाजूस ठेविलें, असें तो सांगत असे. कार्सनची तबकडी खपूं लागल्यावर त्यास पुनः बोलावणें आलें व डिसेंबरांत त्याचें मुद्रण झालें. तें १९२४ च्या आरंभीं विक्रीस आलें.

तात्पर्य, ‘पहिला’ या शब्दाची फोड केल्यावांचून वाद मिटत नाहीं. खातेवहीच्या तारखेनें पहिला मान रॉबर्टसन व गिलिलँड यांचा. ज्याच्या खपामुळें कंपन्यांनीं दक्षिणेकडे मोर्चा वळविला त्यास पहिला म्हणावयाचें तर तो कार्सन. व्हिटरचा मार्चचा दावा त्याच्या स्वतःच्या सांगण्यावर उभा आहे व त्याची किंमत तेवढीच धरली पाहिजे. आपल्या ग्रंथांच्या बाबतींत रचनाकाल, लेखनकाल व प्रसिद्धिकाल हे तीन निरनिराळे मानण्याची संशोधकांची शिस्त आहे. तीच येथें लावावयाची, इतकेंच.

४

व्हिटरच्या या तबकडीवर जें गाणें होतें त्यानें पुढें अमेरिकन न्यायालयांत पाठपरंपरेचा एक असा खटला उभा केला कीं, पोथ्यांचा अभ्यास करणाऱ्यानें तो मुद्दाम वाचावा.

२७ सप्टेंबर १९०३ रोजीं सदर्न रेल्वेची ९७ क्रमांकाची टपालगाडी उशीर भरून काढण्यासाठीं भरधाव जात असतां व्हर्जिनियांतील डॅनव्हिल शहराजवळच्या पुलावरून खालीं कोसळली. चालकासह अनेक माणसें ठार झालीं. या अपघातावर त्या मुलखांत पवाडे झाले. चाल नवी नव्हती; हेन्री क्ले वर्क यानें १८६५ त प्रसिद्ध केलेल्या एका हरवलेल्या जहाजाच्या गाण्याची चाल त्यांस लावली होती. व्हिटरनें त्यांपैकीं एक पवाडा तबकडीवर गायिला. ती तबकडी ऐकून व्हर्नन डॅलहार्ट यानें शब्द उतरून घेतले व तें गाणें १९२४ सालीं प्रथम एडिसन कंपनीसाठीं व मग ऑगस्टांत व्हिक्टरसाठीं म्हटलें.

हा डॅलहार्ट खेडवळ गायक नव्हता. त्याचें खरें नांव मॅरियन ट्राय स्लॉटर. टेक्सासमधील व्हर्नन व डॅलहार्ट या दोन गांवांच्या नांवांची जोडी करून त्यानें रंगभूमीसाठीं नवें नांव धारण केलें होतें, व संगीत नाटकांत तो गात असे. त्याच्या व्हिक्टरच्या तबकडीच्या दुसऱ्या बाजूस ‘प्रिझनर्स साँग’ हें गाणें होतें. ती तबकडी दहा लाखांहून अधिक खपली व ग्रामीण गाण्यास देशभर गिऱ्हाईक आहे हें सर्व कंपन्यांस कळून चुकलें.

खप झाला तेव्हां कर्तृत्वाचा प्रश्न निघाला. डॅनव्हिलच्या परिसरांतील डेव्हिड ग्रेव्ज जॉर्ज या गृहस्थानें १९२७ सालीं पुढें येऊन हा पवाडा आपण अपघातानंतर लगेच रचला असें सांगितलें व पुराव्यादाखल हस्तलिखित दाखविलें. १९३३ त खालच्या न्यायालयानें त्याच्या बाजूनें निकाल दिला. कंपनीनें अपील केलें. लोकगीतांचा अभ्यासक रॉबर्ट गॉर्डन यानें कंपनीतर्फें पाठांची छाननी केली होती. अपिलांतील मुख्य मुद्दा असा : डॅलहार्टला व्हिटरच्या तबकडींतील कांहीं शब्द नीट ऐकूं आले नव्हते. उदाहरणार्थ, गाडीचे हवेचे ब्रेक निकामी झाले या अर्थाच्या ठिकाणीं त्यानें ‘सरासरी’ या अर्थाचा, ध्वनीनें जवळचा पण तेथें निरर्थक असा शब्द घातला. आतां, पवाडा जर जॉर्जनें १९०३ त रचला असेल, तर वीस वर्षांनंतर दुसऱ्याच्या कानानें केलेल्या चुका त्याच्या हस्तलिखितांत कशा आल्या? जॉर्जच्या कागदावर डॅलहार्टचे चुकीचे शब्दच होते. तेव्हां तबकडी ही हस्तलिखितावरून झालेली नसून हस्तलिखित हेंच तबकडीवरून झालेलें आहे, हा निष्कर्ष अपरिहार्य होता. १९३४ त अपिलाच्या न्यायालयानें तो मान्य केला. वरिष्ठ न्यायालयानें त्याच वर्षीं अपील मुदतीबाहेर होतें या कारणास्तव तो निकाल रद्द केला. प्रकरण पुनः खालीं गेलें. आणि १९३९ त अपिलाच्या न्यायालयानें पुनः जॉर्जच्या विरुद्धच निर्णय दिला.

समान अशुद्धीवरून प्रतींचें कूळ ठरवावें हा पोथीसंपादनाचा सर्वमान्य नियम आहे. शुद्ध पाठ दोन ठिकाणीं स्वतंत्रपणें राहूं शकतो. एकच विक्षिप्त चूक दोन ठिकाणीं स्वतंत्रपणें होत नाहीं. हा नियम येथें ऐकीव साधनास लावला गेला व तो यशस्वी ठरला. केवळ कागद जुना दिसतो म्हणून तो तबकडीहून वडील मानूं नये, हा धडा हस्तलिखितांच्या संग्राहकांनीं लक्षांत ठेवण्यासारखा आहे.

५

१९२५ पासून कर्ण्याच्या जागीं विजेवर चालणारा ध्वनिग्राहक आला. आवाज पूर्वींहून स्वच्छ उतरूं लागला, हळू आवाजाचे गायकही चालूं लागले, व सामान गाडीवर घालून परगांवीं नेणें अधिक फलदायी झालें. व्हिक्टर कंपनीच्या या काळच्या तबकडीवर मधल्या भागांत लंबवर्तुळांत ‘व्ही ई’ हीं अक्षरें उमटविलेलीं असतात. चिठ्ठी फाटली असली तरी एवढ्या खुणेवरून तबकडी १९२५ पूर्वींची नव्हे हें निश्चित सांगतां येतें.

याच सुमारास या संगीतास नांव मिळालें. १९२५ च्या जानेवारींत अल हॉपकिन्स याच्या मंडळींनीं न्यूयॉर्कमध्यें ओके कंपनीसाठीं मुद्रण केलें, तेव्हां मेळ्याचें नांव काय असें पीअरनें विचारलें. आम्ही नुसते डोंगरी अडाणी, वाटेल तें नांव घाला, अशा अर्थाचें उत्तर मिळालें व ‘हिल बिलीज’ हें नांव चिठ्ठीवर चढलें. वस्तुतः हा शब्द हिणविण्याचा होता. कंपन्यांच्या छापील याद्यांत तो सहसा घालीत नसत. ‘ओल्ड फॅमिलियर ट्यून्स’ म्हणजे जुन्या ओळखीच्या चाली, अशीं सौम्य नांवें देत.

पीअर पुढें व्हिक्टर कंपनीकडे गेला. १९२७ च्या जुलैअखेर तो दोन तंत्रज्ञांसह ब्रिस्टल गांवीं उतरला. या गांवाच्या मुख्य रस्त्याच्या मधून टेनेसी व व्हर्जिनिया या दोन संस्थानांची सरहद्द जाते. टेनेसीच्या बाजूस, पूर्वीं टोप्यांचा कारखाना असलेल्या एका इमारतींत, २५ जुलैपासून ५ ऑगस्टपर्यंत मुद्रण चाललें; १९ गायक व मेळे यांचीं ७६ मुद्रणें झालीं. पहिल्या दिवशीं अर्नेस्ट स्टोनमन गायिला. त्यास या कामाचे किती पैसे मिळतात याचा मजकूर स्थानिक वृत्तपत्रांत आला, आणि तो वाचून डोंगरांतील माणसें वाद्यें घेऊन लोटलीं.

१ व २ ऑगस्ट रोजीं व्हर्जिनियांतील पुअर व्हॅली येथून कार्टर कुटुंब आलें : ए. पी. कार्टर, त्याची बायको सॅरा, व सॅराची चुलतबहीण आणि ए. पी.ची भावजय मेबेल. त्यांनीं सहा गाणीं म्हटलीं. ४ ऑगस्ट रोजीं मिसिसिपीचा जिमी रॉजर्स आला. ज्या मेळ्यासह तो आला त्यांच्याशीं, चिठ्ठीवर नांव कोणाचें घालावें या गोष्टीवरून त्याचें बिनसलें, व तो एकटाच गिटार घेऊन गायिला. त्याच्या पहिल्या गाण्याचा मेणाचा क्रमांक ३९७६७ व दुसऱ्याचा ३९७६८. कार्टरांच्या पहिल्या गाण्याचा ३९७५०. तीन दिवसांचें अंतर व मधल्या मंडळींची रांग या आंकड्यांत शाबूत आहे. भांडणाच्या कथा आठवणीगणिक बदलतात. हा क्रम बदलत नाहीं.

क्षयानें पोखरलेला रॉजर्स २६ मे १९३३ रोजीं न्यूयॉर्कमध्यें मरण पावला. त्याच्या दोन दिवस आधींपर्यंत तो मुद्रण करीत होता. अवघ्या सहा वर्षांचा हा सर्व पसारा, पण प्रत्येक दिवसाचा हिशेब खातेवहींत आहे.

६

आतां चिठ्ठीवरील नांवांकडे वळूं. येथें संशोधकानें सर्वांत अधिक सावध राहिलें पाहिजे.

१९०९ च्या अमेरिकन कायद्यानें ध्वनिमुद्रणाबद्दल प्रत्येक प्रतीमागें २ सेंट इतका हक्क गीताच्या मालकास मिळूं लागला. पीअरनें व्हिक्टरशीं करार करतांना पगारावर भर न देतां गाण्यांचे हक्क आपल्या प्रकाशनाकडे घेण्याची व्यवस्था केली. त्यामुळें त्यास अशीं गाणीं हवीं असत कीं, ज्यांवर पूर्वीं कोणाचा हक्क नोंदला गेलेला नाहीं. जुनें गाणें असेल तर तें इतकें बदललेलें असावें कीं नव्यानें नोंदतां येईल. या मागणीचा परिणाम उघड होता. ए. पी. कार्टर डोंगरांतून गांवोगांव हिंडून गाणीं गोळा करूं लागला, त्यांस मुरड घालूं लागला, व तबकडीवर कर्ता म्हणून त्याचें नांव पडूं लागलें. आपल्याकडे एखाद्या अभंगाच्या शेवटीं संताची नाममुद्रा आहे एवढ्यावरून तो अभंग त्याचाच असें कोणी जाणता संपादक म्हणत नाहीं. येथेंही तसेंच. नाममुद्रा घालण्यास भक्ति कारण झाली असेल, येथें कायदा कारण झाला; परीक्षेची रीत एकच. मात्र कार्टरनें तें केलें नसतें तर यांतील कित्येक गाणीं आज नाहींशीं झालीं असतीं, हेंही न्यायानें म्हटलें पाहिजे.

या हिंडण्यांत त्याचा सोबती लेस्ली रिडल हा किंग्जपोर्टचा नीग्रो गिटारवादक असे. ए. पी. शब्द लिहून घेई. चाल रिडल ध्यानांत ठेवी. म्हणजे पाठ एकाच्या वहींत व स्वर दुसऱ्याच्या स्मृतींत, असा दोघांचा मिळून तो संग्रह होता. चिठ्ठीवर मात्र एकच नांव राहिलें. रिडलचा शोध घेऊन त्याची हकीकत नोंदण्याचें काम संगीताचे संग्राहक माइक सीगर यांनीं १९६५ पासून केलें, म्हणून तरी तें नांव वांचलें.

हा एकट्याचा प्रश्न नव्हता. १९२० त मेमी स्मिथ या नीग्रो गायिकेची ओके कंपनीची तबकडी अफाट खपल्यापासून कंपन्या नीग्रो गिऱ्हाइकांसाठीं वेगळी माळ काढीत. गोऱ्या ग्रामीण गिऱ्हाइकांसाठीं दुसरी. कोलंबिया कंपनीनें पहिलीस १४००० पासून व दुसरीस १५००० पासून क्रमांक दिले. म्हणून विक्रीक्रमांक पाहिल्याबरोबर कंपनीनें गायकास कोणत्या रांगेंत बसविलें हें कळतें. पण ती रांग दुकानदाराची होती, संगीताची नव्हे. ब्रिस्टल येथेंच एल वॉटसन या नीग्रो हार्मोनिकावादकानें गोऱ्या जॉन्सन बंधूंबरोबर काम केलें. १९२७ त ‘टेलर्स केंटकी बॉइज’ या गोऱ्या समजल्या जाणाऱ्या मेळ्यांत फिड्ल वाजविणारा जिम बुकर नीग्रो होता. १६ जुलै १९३० रोजीं लॉस एंजेलिस येथें रॉजर्सनें ‘ब्लू योडल क्रमांक ९’ म्हटलें तेव्हां तुतारीवर लुई आर्मस्ट्राँग व पियानोवर त्याची पत्नी लिल होती. चिठ्ठीवर दोघांचाही उल्लेख नाहीं. पुढें १९७० त आर्मस्ट्राँगनें जॉनी कॅश याच्यासह तेंच गाणें दूरचित्रवाणीवर वाजवून दाखविलें. आठवण नेहमी कागदापेक्षां दुबळी असते असें नाहीं. कागदानें मुद्दाम गाळलेलें सांगण्यास कधीं कधीं तीच उरते.

चिठ्ठीच्या खोटेपणाचा आणखी एक प्रकार टोपणनांवांचा. डॅलहार्टनें अनेक कंपन्यांसाठीं शंभरांहून अधिक नांवांनीं गायिलें. कोलंबियावरचा ‘अल क्रेव्हर’ म्हणजे तोच. या प्रसंगीं आपल्या देशांतील एक उलट उदाहरण आठवतें. १९०२ त कलकत्त्यास पहिलें मुद्रण झाल्यावर गोहरजान प्रभृति गायिका गाणें संपतां संपतां आपलें नांव मोठ्यानें सांगत, कां कीं तबकड्या छापणाऱ्या जर्मनींतील कारागिरांस चिठ्ठी कोणती लावावी तें कळावें. तेथें नांव गाण्याच्या पोटांतच कोरलें गेलें व चिठ्ठीची गरज राहिली नाहीं.

७

हीं साधनें किती टिकलीं? १९२९ नंतरच्या मंदींत खप ओसरला, छोट्या कंपन्या बुडाल्या वा मोठ्यांनीं गिळल्या, व त्यांचे कागद विखुरले. दुसऱ्या महायुद्धांत लाख मिळेनाशी झाली. ही लाख मुख्यतः हिंदुस्थानांतून, विशेषेंकरून छोटा नागपुराकडून जात असे. म्हणजे टेनेसीच्या डोंगरांतील आवाज आपल्या जंगलांतील कीटकांच्या राळेवर उमटलेला आहे. १९४२ त अमेरिकन सरकारनें लाखेच्या वापरावर बंधन घातलें आणि जुन्या तबकड्या गोळा करून त्या दळून नव्या करण्याची मोहीम चालली. त्यांत काय काय गेलें याची गणती नाहीं.

जें राहिलें तें सरकारी दप्तरांमुळें नव्हे, तर गल्लीबोळांतून, माळ्यावरून, मोडीच्या दुकानांतून तबकड्या वेंचणाऱ्या खाजगी संग्राहकांमुळें. विद्वानांचें लक्ष मागाहून वळलें. १९६५ त आर्ची ग्रीन यांनीं ‘हिलबिली’ या नांवाचा इतिहास अमेरिकन लोकविद्येच्या नियतकालिकांत मांडला, व २००४ त टोनी रसेल यांची १९२१ ते १९४२ पर्यंतच्या मुद्रणांची बृहत्सूची प्रसिद्ध झाली. व्हिक्टरच्या खातेवह्यांवरून तयार केलेली सूची सांता बार्बरा येथील कॅलिफोर्निया विद्यापीठानें सर्वांस खुली केली आहे. १९९८ त अमेरिकन काँग्रेसनें ब्रिस्टलला या संगीताचें जन्मस्थान म्हणून मान दिला, आणि राष्ट्रीय ध्वनिमुद्रण-नोंदींत २००२ च्या पहिल्याच यादींत रॉबर्टसनचें वादन व ब्रिस्टलचीं मुद्रणें घेतलीं गेलीं. ‘जन्मस्थान’ हा शब्द गौरवाचा म्हणून ठीक आहे. वर दिलेल्या तारखा पाहतां, ब्रिस्टलपूर्वीं पांच वर्षें हें मुद्रण चालू होतें हें वाचकांच्या ध्यानीं आलेंच असेल.

आतां आपल्या संग्राहकांस चार शब्द. आपल्याकडेही जुन्या वाड्यांतून, नाटकमंडळ्यांच्या सामानांतून तबकड्या निघतात, व त्या विकतांना किंवा धुतांना चिठ्ठ्या निघून गेल्या म्हणजे लोक त्यांस कुचकामाच्या समजतात. तसें करूं नये. चिठ्ठीभोंवतालच्या गुळगुळीत पट्ट्यांत कोरलेले अंक व अक्षरें भिंगानें वाचून उतरून घ्यावीं; त्यांपुढचा लहान अंकही सोडूं नये. चिठ्ठी असल्यास तिचा मजकूर अक्षरशः, अशुद्धांसह, लिहून ठेवावा. गाणें ऐकून शब्द उतरतांना जो शब्द लागत नाहीं तेथें जागा कोरी सोडावी. अंदाजानें भरूं नये, कारण तोच अंदाज पुढें कोणाच्या तरी हस्तलिखितांत ‘मूळ पाठ’ होऊन बसेल. आणि तबकडी कोणाच्या घरची, कोणाकडून आली, ही हकीकत त्याच दिवशीं टिपून ठेवावी.

कागद बोलत नाहीं म्हणून आपण त्याच्याकडून बोलवून घेण्याची विद्या शिकलों. तबकडी बोलते, म्हणून तिला प्रश्न विचारावयाचे राहून जातात. ते विचारले जावेत एवढ्याच हेतूनें हें टिपण आम्ही वाचकांपुढें ठेविलें आहे.